‘कोणाचा?’ हा रकाना आधी मालकानं भरावा

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शाळेचे गणवेश शिवणारा एक कारखाना आहे. मालकाच्या टेबलावर लाल पाठीची एक लांब वही असते. कामाला येणाऱ्या प्रत्येकाची नोंद त्यात होते: नाव, राहायला कुठे, कोणतं मशीन चालवतो, फोन. शेवटी बोटभर रुंदीचा एक रकाना आहे, त्याचं शीर्षक ‘कोणाचा?’ त्यात ‘कटिंग मास्तरचा भाचा’, ‘काजं करणाऱ्या मावशींनी पाठवला’ अशा नोंदी. हा रकाना भरता आला नाही तर मालक पेन खाली ठेवतात आणि समोरच्याला म्हणतात, “बघू, नंबर ठेवून जावा.” तो नंबर पुढे कधी लागत नाही.

ही वही मला गेल्या महिन्यात एका बैठकीत सारखी आठवत होती. आपल्याच शहरातली काही मुलं, त्यातली दोघं पुण्यात आयटीत काम करून परत आलेली, सोलापुरातल्या नोकरी शोधणाऱ्यांना आणि माणसं घेणाऱ्यांना जोडणारं एक अ‍ॅप बनवत आहेत. मी पंधरा वर्षं कॉलेजात शिकवतो आणि प्लेसमेंटचं काम बघतो, म्हणून मलाही बोलावलं होतं. त्यातला ‘नेटवर्किंग’चा भाग कसा असावा यावर तीन तास वाद झाला. एका गटाचं म्हणणं, सगळं मोकळं ठेवा. कोणीही कोणालाही थेट मेसेज करू शकला पाहिजे, वशिल्याची भिंत तिथंच पडेल. दुसऱ्या गटात बहुतेक कारखानदार आणि दुकानदार होते. त्यांचं म्हणणं, आधी मुलांची पडताळणी करा, परीक्षा घ्या, गुण द्या, मगच आमच्यापर्यंत पाठवा, नाहीतर दिवसभर फोनच उचलत बसावं लागेल. दोन्हीकडची माणसं तळमळीची होती. पण त्या तीन तासांत चर्चा झाली ती फक्त नोकरी मागणाऱ्याची. त्याला किती मोकळीक द्यायची, त्याला किती तपासायचं, एवढंच. नोकरी देणारा कोण, तो खरा आहे का, पगार वेळेवर देतो का, आलेल्या अर्जाला उत्तर देतो का, हे कोणी विचारलंच नाही.

माझं मत मी आधीच सांगतो. अशा कुठल्याही व्यवस्थेत पहिली पडताळणी काम देणाऱ्याची झाली पाहिजे, आणि जास्त बंधनंही त्याच्यावरच हवीत. ‘कोणाचा?’ हा प्रश्न आधी मालकाला विचारा, मग कामगाराला. हे जमलं तर मेसेज मोकळे ठेवायचे की बंद, हा वाद निम्म्याहून अधिक मिटतो.

आता नोकरी शोधणाऱ्याला काय काय द्यावं लागतं ते बघा. फोटो, आडनाव, पत्ता, वय, शिक्षण, मागचा पगार, फोन नंबर. वर ‘मी काम शोधतोय’ अशी पाटीही लावायची. समोरचा मात्र एक नाव आणि एक लोगो लावून बसतो. लग्न जमवताना मुलीकडच्यांनी पत्रिका, उंची, रंग, सगळं द्यायचं आणि मुलाकडच्यांनी फक्त ‘मुलगा चांगला आहे’ एवढंच सांगायचं, अशी रीत आपल्याकडे होतीच. तिच्यातला अन्याय कळायला आपल्याला किती पिढ्या लागल्या? मग नोकरीच्या बाबतीत तीच रीत नव्या काचेमागे पुन्हा का मांडायची?

यात माझी स्वतःची एक चूक आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. चार वर्षांपूर्वी बी.कॉम. झालेली एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. घर अशोक चौकाच्या बाजूला, आई विड्या वळते. मुलगी टॅलीत हुशार होती. एका संस्थेनं ऑनलाइन मुलाखत घेऊन तिला पुण्यातली जागा देऊ केली. मी वेबसाइट बघितली, फोनवर बोललो आणि म्हणालो, जा. आधी ‘प्रशिक्षणाचे’ म्हणून साडेआठ हजार भरायला लावले. घरच्यांनी ते बचत गटातून उचलले. दोन महिने झाले तरी रुजू व्हायची तारीख पुढेच जात राहिली, मग फोन लागेना. तिच्याबद्दल खात्री द्यायला मी होतो. त्या संस्थेबद्दल खात्री देणारा कोण होता? कोणीच नाही, आणि मी ते विचारलंही नाही.

नंतर एकदा तिच्या घरी गेलो होतो. आई ओट्यावर सूप घेऊन बसली होती, मांडीवर ओली पानं, बाजूला तंबाखूची पुडी. बोलता बोलता म्हणाल्या, “सर, आमच्या विड्या चेकर छाटतो की नाही, ते आमच्या डोळ्यांसमोर छाटतो. आम्ही भांडतो तिथंच. हिला कुणी छाटलं अन् कशासाठी, तेच कळंना.” मुलीनं मोबाइल दाखवला. एकाखाली एक पाठवलेले अर्ज, प्रत्येकापुढे ‘पाहिले’ एवढीच खूण. जो व्यवसाय आपण मागासलेला समजतो, त्यात नाकारलेला माल बाईच्या पुढ्यात पडतो आणि तिला आवाज चढवायची जागा असते. आपल्या आधुनिक व्यवस्थेनं तेवढीही जागा ठेवलेली नाही.

आता समोरच्यांचं म्हणणं, आणि त्यातलं जे सर्वांत भक्कम आहे तेच आधी घेतो. मोकळ्या दाराची बाजू मांडणारी मुलं म्हणतात की ज्याच्या घरात कोणी नोकरदारच नाही त्याला अनोळखी माणसाला मेसेज करण्यावाचून दुसरा मार्ग नाही. हे खरं आहे. 1973 साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं बॉस्टनजवळ नोकरी बदललेल्या लोकांच्या मुलाखती घेऊन दाखवलं होतं की नोकरीची बातमी बहुतेकदा जवळच्या मित्राकडून येत नाही, क्वचित भेटणाऱ्या ओळखीच्याकडून येते. जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. नोकरी-व्यवसायाच्या ओळखी जोडणाऱ्या लिंक्डइन या संकेतस्थळानं ‘तुमच्या ओळखीचे असू शकतील’ या यादीत फेरफार करून काही वर्षं दोन कोटींहून अधिक लोकांवर प्रयोग केले. त्यांचे निष्कर्ष 2022 साली ‘सायन्स’ या संशोधन नियतकालिकात आले आणि त्यांतही विरळ ओळखीचा उपयोग दिसला. पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आमच्या बैठकीत कोणाच्या तोंडी आली नाही. विरळ ओळखी जास्त उपयोगी पडतात त्या संगणकावर चालणाऱ्या क्षेत्रांत. जिथं काम तितकं डिजिटल नाही तिथं घट्ट ओळखीच अधिक कामाला येतात.

सोलापूर या दोन्ही जगांत एकाच वेळी जगतं. हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला जाणाऱ्या इंजिनिअर मुलाला विरळ ओळख हवी. टॉवेलच्या कारखान्यात माग सांभाळणारा जॉबर म्हणून किंवा गणवेशाच्या युनिटमध्ये कॉलर बसवायला जाणाऱ्याला त्याचं काम डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचा शब्द हवा. दोघांना एकच खिडकी दिली तर एकाचा अर्ज गर्दीत बुडतो आणि दुसरा अर्जच करत नाही, कारण त्याचं कसब इंग्रजीतल्या ‘प्रोफाइल’मध्ये मावत नाही. जो माणूस घरी तेलुगू, मशीनवर मराठी आणि बाजारात उर्दू-कन्नड बोलतो, त्याला आवाजात स्वतःबद्दल सांगता आलं पाहिजे. एवढं साधं कलम त्या आराखड्यात नव्हतं.

शिवाय दार सगळ्यांना मोकळं ठेवलं म्हणजे त्याचा लाभ सगळ्यांना सारखा होतो का? ज्याच्याकडे रोज तीनशे मेसेज येतात तो काय करतो? ओळखीचं आडनाव, ओळखीची पेठ, ओळखीची शाळा बघतो आणि बाकीचे खाली सरकवतो. म्हणजे वशिला पुढच्या दारानं घालवला आणि मागच्या दारानं आत घेतला. मुलींच्या बाबतीत तर मोकळ्या मेसेजचा अर्थ काय होतो हे माझ्या वर्गातल्या कोणत्याही मुलीला विचारा. ‘नोकरी आहे, फोटो पाठव, रात्री फोन कर.’ म्हणून मेसेज एका बाजूनं मोकळे असावेत: काम मागणारी व्यक्ती नोंदणीकृत मालकाला लिहू शकेल, पण तिनं होकार दिल्याशिवाय मालकाला तिचा नंबर दिसणार नाही की तिला फोन करता येणार नाही.

दुसऱ्या गटाचं म्हणणंही मी हलकं समजत नाही. लहान कारखानदाराकडे एचआर नसतो. तो स्वतः सूत आणतो, बँकेत जातो, लाइट गेली तर जनरेटर बघतो. त्याच्या वहीतला ‘कोणाचा?’ हा रकाना दुष्टपणातून आलेला नाही. उचल घेऊन टेलर आठ दिवसांत निघून गेला तर कोणाला विचारायचं, याचं उत्तर त्या रकान्यात आहे. आणि हे विसरू नका की तो रकाना कामगाराच्याही बाजूनं चालतो. मालकानं आठवड्याचा हिशोब अडवला तर ज्या कटिंग मास्तरनं पोरगं आणलं तोच मालकापुढे उभा राहतो. ओळख म्हणजे नुसती लबाडी, हे शहरात वाढलेल्यांचं सोयीचं मत आहे. ओळख ही जबाबदारीसुद्धा असते.

यासाठीच गिरण्यांचा इतिहास जरा सावकाश बघायला हवा. 1870 च्या दशकात आपल्याकडे जुनी मिल उभी राहिली, मग इतर गिरण्या आल्या. मुंबईसारखंच इथंही साच्यावर, म्हणजे मागावर, माणूस लावणं जॉबरच्या आणि मुकादमाच्या हातात होतं. तोच माणसं आणायचा, तोच अडीअडचणीला पैसे द्यायचा, आणि तोच दस्तुरी खायचा. ब्रिटिश सरकारनं कामगारांच्या प्रश्नांसाठी 1929 साली नेमलेल्या व्हिटले आयोगानं 1931 च्या अहवालात या लाचखोरीवर कडक लिहिलं आणि भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावा असं सुचवलं. मग जॉबर लगेच गेला का? नाही. कारण तो जी कामं करत होता ती दुसऱ्या कोणी अंगावर घेतली नाहीत. गावाहून आलेल्याला खोली कोण बघून देणार, भोंगा वाजायच्या आधी फाटकावर कोण घेऊन जाणार, मालकाशी कोण बोलणार? अधिकाऱ्याकडे रजिस्टर होतं, एवढंच. आजही जॉबर आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन होऊन तो जाहिराती फिरवतो, ‘कन्सल्टन्सी’ची पाटी लावून पहिल्या महिन्याच्या पगारातला वाटा मागतो. मध्यस्थाला शिव्या देऊन तो जात नाही. त्याचं जे काम उपयोगाचं आहे ते उजेडात आणून दुसऱ्यानं केलं, तरच त्याची गरज संपते.

त्यानंतरचा मोठा प्रयत्न सेवायोजन कार्यालयाचा. माझ्या वडिलांच्या पिढीत मॅट्रिक झालं की नाव नोंदवून कार्ड काढायचं, आणि ते कार्ड देवघरात ठेवायचं. 1959 च्या कायद्यानं 25 किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा कळवणं सक्तीचं केलं. पण कार्यालयानं पाठवलेल्यांतूनच माणूस घ्यावा, असं बंधन त्या कायद्यात नव्हतं. मी त्या बंधनाच्या बाजूनं नाही, ते चाललंही नसतं. पण कळवायचं तेवढं कळवायचं, आणि आलेल्याला का घेतलं नाही हे मात्र सांगायचं नाही, या पोकळीतच सगळं वाहून गेलं. वर्षानुवर्षं कार्डाचं नूतनीकरण करणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याकडे नोंदणी होती, उत्तर नव्हतं. आताच्या मुलांनी अ‍ॅपमध्ये पुन्हा फक्त नोंदणीच बांधली तर देवघरातल्या कार्डाच्या जागी मोबाइलमधला हिरवा ठिपका येईल, दुसरा फरक पडणार नाही.

मग काय करायचं ते नेमकं सांगतो. मालकाला आत यायचं असेल तर त्यानं स्वतःबद्दल लिहावं: काम कुठलं, कारखाना कुठे, पाळी किती तासांची, पगार कितीपासून कितीपर्यंत, पीएफ-ईएसआय आहे की नाही, आणि भेटायचं कोणाला. यातलं काय त्याला माहीत नसतं? उद्यम नोंदणी किंवा जीएसटी क्रमांक तपासून घ्यावा आणि कोणीतरी एकदा प्रत्यक्ष जाऊन यावं. सोलापूर काही मुंबई नाही. अक्कलकोट रोडची एमआयडीसी असो की पुणे रस्त्यावरची चिंचोळी, दुचाकीवर दिवसभरात फिरून होतं. एजन्सी आली तर ज्याच्याकडे काम करायचं त्या मूळ मालकाचं नाव तिनं जाहिरातीतच द्यावं. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानं हे तत्त्व आपल्याकडे फार पूर्वी आणलं होतं: ठेकेदारानं मजुरी बुडवली तर मूळ मालकानं द्यायची. ज्या कोणाला मूळ मालकाचं नाव लपवायचं आहे त्याला आत घेण्याची घाई कशासाठी?

आणि उत्तर. आलेल्या प्रत्येक अर्जाला ठरावीक दिवसांत उत्तर गेलं पाहिजे. जागा भरली, या कामाचा अनुभव कमी पडतो, पुढच्या हंगामात बोलावू. एक बोट दाबायचं काम. वीस अर्ज अनुत्तरित पडले असतील तर नवी जाहिरात लावताच येऊ नये. आणि कोणत्या मालकानं किती जणांना उत्तर दिलं, हे त्याच्या नावापुढे सगळ्यांना दिसावं. कारखानदार म्हणतील, इतकी बंधनं घातली तर आम्ही येणारच नाही, आणि मालकच नसले तर मुलांनी तिथं येऊन काय करायचं. ही भीती खरी आहे; रिकाम्या बाजारात कोणी जात नाही. पण या बैठकीत त्यांचीच तक्रार काय होती? फोनांचा त्रास, नको त्या माणसांची रांग, चार दिवसांत पळणारे कामगार. पगार आणि पाळी आधीच लिहिली तर ज्याला ते परवडत नाही तो येणारच नाही. चार दिवसांत पळणाऱ्यांपैकी किती जण खोटं सांगून आणलेले असतात, हे मालकांनी प्रामाणिकपणे आठवून बघावं.

शिफारशीचंही असंच. बटण दाबून ‘हा कुशल आहे’ म्हणायची सोय लिंक्डइननं 2012 साली आणली. ते म्हणायला काही लागत नाही, म्हणून त्याला किंमतही फारशी उरली नाही. आपल्या पतसंस्थांना हे पूर्वीपासून कळतं. कोणालाही हव्या तितक्या कर्जांना जामीन राहू देत नाहीत, म्हणून जामीनदाराच्या सहीला वजन असतं. अ‍ॅपवरही एका माणसाला वर्षाला मोजक्याच शिफारशी करता याव्यात, आणि स्वतः काय पाहिलं ते सांगावं लागावं: ‘आठ महिने माझ्या शेजारच्या मशीनवर होती, ओव्हरलॉक सफाईनं करते.’ ज्याच्यासाठी शब्द टाकणारं कोणीच नाही त्याला एक दिवसाचं चाचणीचं काम मिळावं, आणि त्या दिवसाची मजुरी मिळावी. कॉलर बसवता येते की नाही हे मशीनवर बसवूनच कळतं. ते कळून घेण्याचा खर्च मालकानं उचलायचा.

बैठकीत एक तिसरं मतही आलं, आणि ते मला सर्वांत जवळचं वाटलं: नाव, फोटो, पत्ता पहिल्या टप्प्यावर झाकून ठेवा. सुखदेव थोरात आणि पॉल अटेवेल यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास सगळ्यांनी माहीत करून घ्यावा असा आहे. सारख्याच पात्रतेचे अर्ज खासगी कंपन्यांना वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले, तेव्हा दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली. सोलापुरात तर पत्ताही जात आणि भाषा सांगतो. तेलुगू बोलणाऱ्या विणकरांचा पूर्व भाग म्हटलं की ऐकणारा अर्धा निर्णय करून मोकळा होतो. तेव्हा झाका, जरूर झाका. पण झाकलं म्हणजे झालं असं मानू नका. अ‍ॅमेझॉननं अर्ज चाळण्यासाठी एक यंत्रणा बनवली होती. तिनं जुन्या भरतीवरून शिकून स्त्रियांचे अर्ज मागे टाकायला सुरुवात केल्याचं 2018 साली बाहेर आलं. यंत्रणा ‘महिलांचा’ अशा शब्दांवरून, महिला महाविद्यालयाच्या नावावरून गुण कापत होती. नाव झाकूनही जुना पूर्वग्रह दुसऱ्या खुणा शोधतो. म्हणून कोणत्या भागातल्या किती जणांना बोलावणं गेलं याची मोजदाद व्हावी आणि ती उघड व्हावी. आणि ती मोजदादही शेवटी मालकाचीच होते, मुलांची नाही.

बैठकीनंतर मी त्या वहीवाल्या मालकांकडे गेलो. पंधरा वर्षांची ओळख आहे, म्हणून सरळ विचारलं, “तुमच्या नावापुढे ‘कोणाचा?’ या रकान्यात काय लिहायचं?” ते रागावले नाहीत. वही उलटी केली, मागची पानं चाळली आणि तीन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या एका टेलरचा नंबर काढून दिला. म्हणाले, “माझ्याकडं आत्ता जो काम करतोय तो चांगलंच सांगणार. यांना विचारा. भांडून गेलेत माझ्याशी.”

मी तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. ते टेलर मास्तर आता हैदराबादला असतात. भांडण रेटवरून झालं होतं, तेही त्यांनी सांगितलं आणि त्यात चूक मालकांची होती हेही सांगितलं. मालक मान खाली घालून ऐकत होते. मग मी विचारलं, तुमच्या भाच्याला इथं पाठवाल का? मास्तर जरा थांबले.

“पाठवीन की ओ सर. रेट आधी कागदावर लिहून घ्यायला सांगीन. पण हिशोब दर शनिवारी मिळायचा, एक शनिवार इकडं-तिकडं नाही.”

मालकांनी पेन उचललं आणि वहीच्या पहिल्या पानावर, स्वतःच्या नावापुढे, ते वाक्य लिहून घेतलं. रेटचं सुद्धा.